निरोप आपला, दार कुणाचे?



२०२३ च्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध भगिनी देवाघरी गेल्या. सकाळी नऊच्या सुमारास आम्ही ती बातमी चर्चच्या समाजमाध्यमावरील पानावर टाकली. अंत्यविधी दुपारी चार वाजता होता. त्या ज्यांच्या धर्ममाता होत्या, त्या भगिनी लग्नानंतर मीरा रोडला राहतात. आपल्या चर्चचे पान त्यांच्या मोबाईलवर नेहमी दिसत असे. ही बातमी मात्र त्यांना तिसऱ्या दिवशी दिसली, एका साडीच्या जाहिरातीखाली आणि कुणाच्या तरी महाबळेश्वर सहलीच्या फोटोंवर. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर त्यांनी फाटकापाशी आम्हाला गाठले आणि विचारले, "तुम्ही सकाळीच टाकलं होतं ना? मग मला तिसऱ्या दिवशी का दिसलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्याच वर्षी नाताळाच्या तोंडावर आणखी एक गोष्ट घडली. युवकांनी नऊ वर्षे सांभाळलेल्या त्याच पानाचा पासवर्ड कुणीतरी चोरला. सणांचे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे, जुन्या धर्मगुरूंच्या निरोप-समारंभाचे फोटो जेथे होते, तेथे घड्याळांच्या जाहिराती झळकू लागल्या. आम्ही कंपनीला लिहिले. यंत्राने उत्तर दिले. पुन्हा लिहिले, पुन्हा यंत्रानेच उत्तर दिले. शेवटी पानच नाहीसे झाले. नऊ वर्षांच्या फोटोंची दुसरी प्रत कुणाकडेही नव्हती.

दोष कंपनीचा म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण खरे सांगायचे तर चूक आमचीही होती. पूर्वी मृत्यूची चिठ्ठी आळीआळीतून फिरत असे, बाहेरगावच्या नातेवाइकांना फोन जात असत. ते सारे आम्ही बंद केले, कारण "पानावर टाकले आहे ना!" आपले निरोप, आपल्या आठवणी आणि आपली माणसे आम्ही अशा दारात नेऊन ठेवली, ज्या दाराची किल्ली आपल्याकडे नव्हती. म्हणून या अभ्यासलेखात आपण विचार करणार आहोत, की हे दार कुणाचे आहे, याहून वेगळी काही रीत आहे का, आणि असेल तर आपण तिकडे कसे जावे.

१. दार कुणाचे आहे?

मोठी समाजमाध्यमे आपल्याला फुकट मिळतात. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा खर्च कुणीतरी देतच असतो. येथे तो जाहिरातदार देतात. आपण जितका वेळ पडद्याकडे पाहत राहू, तितक्या जाहिराती जास्त दाखवता येतात. त्यामुळे कोणती गोष्ट आधी दाखवायची आणि कोणती मागे टाकायची हे निरोप टाकणारा ठरवत नाही, वाचणाराही पूर्णपणे ठरवत नाही. ते यंत्र ठरवते. कोणत्या गोष्टीवर माणूस अधिक वेळ थांबेल याचा हिशेब ते यंत्र करत असते.

आता मीरा रोडच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. मृत्यूची बातमी वाचली की माणूस मोबाईल खाली ठेवतो. भांडण वाचले की ठेवत नाही. मग यंत्राने कशाला पुढे ढकलावे? येथे कुणी दुष्टपणा केला असे नाही. ज्या कामासाठी ते यंत्र बनवले, तेच काम त्याने केले. फक्त ते काम आपले नव्हते.

दुसरी गोष्ट आपल्या माहितीची. 'केंब्रिज ॲनालिटिका' प्रकरण २०१८ साली उघडकीस आले, तेव्हा सुमारे ८ कोटी ७० लाख फेसबुक खात्यांची माहिती खातेदारांना न विचारता राजकीय प्रचाराच्या धंद्यासाठी पोहोचली असावी, असे कंपनीनेच सांगितले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, माहिती जपण्यातील कसुरीबद्दल, त्या कंपनीला ५०० कोटी डॉलरचा दंड केला.

तिसरी गोष्ट मालकाच्या मर्जीची. आपल्यातील अनेकांना 'ऑर्कुट' आठवत असेल. २००४ साली ते सुरू झाले आणि भारतातील तरुणांचा तो कट्टाच होऊन बसला. ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालकाने ते बंद केले. 'गूगल प्लस' २०१९ मध्ये गेले. आपल्याच देशातील 'कू' हे माध्यम २०२० साली मोठ्या अपेक्षेने आले आणि जुलै २०२४ मध्ये बंद पडले. म्हणजे मालक परदेशी की स्वदेशी हा खरा प्रश्न नाही. एकच मालक असणे, हा प्रश्न आहे. ट्विटर ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४०० कोटी डॉलरला एका उद्योगपतीने विकत घेतले. नियम बदलले, माणसे बदलली, पुढच्या जुलैत नावही बदलून 'एक्स' झाले. व्हॉट्सॲपच्या संस्थापकांनी जाहिराती न दाखवण्याची भूमिका घेतली होती. २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेतले, दोन्ही संस्थापक पुढे तेथून बाहेर पडले आणि २०२५ मध्ये त्यातील 'अपडेट्स' विभागात जाहिराती येणार असे जाहीर झाले. शब्द देणारा निघून गेला की दिलेला शब्दही निघून जातो.

चौथी गोष्ट ४ ऑक्टोबर २०२१ च्या सोमवारची. त्या रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तिन्ही एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास जगभर बंद राहिले. हल्ला कुणी केला नव्हता. देखभालीचे काम करताना कंपनीच्याच जाळ्यात चूक झाली होती. एका ठिकाणी झालेल्या एका चुकीने कोट्यवधी घरांचे निरोप थांबले. एकाच टाकीवर सारे गाव अवलंबून असले म्हणजे असे होते.

२. बावखलाची रीत

टाकीचे नाव निघाले म्हणून आपल्या वसईच्या बावखलांची आठवण करू या. आपल्या वाडवडिलांनी वाडीवाडीत बावखले खणली. प्रत्येक बावखल वेगळे होते. त्याचा गाळ कुणी काढायचा, रहाट कुणी कधी चालवायचा, हे त्या त्या ठिकाणची माणसे ठरवत. पण जमिनीखाली पाणी एकमेकांत मुरत होते. एक बावखल आटले म्हणून सारे गाव तहानलेले राहत नसे. पुढे नळ आला, जमिनीचे भाव चढले आणि आपण बावखले बुजवली. आज उन्हाळ्यात टँकरची वाट पाहताना त्यांची किंमत कळते.

समाजमाध्यमांतही बावखलाची रीत असू शकते, नव्हे, ती आहेच. तिला 'विकेंद्रित समाजमाध्यम' म्हणतात. तिची सर्वांत ठाऊक असलेली शाखा म्हणजे 'मॅस्टोडॉन'. जर्मनीतील एका तरुण संगणकतज्ज्ञाने २०१६ साली ते सुरू केले. त्याची संगणक-प्रणाली खुली आहे, म्हणजे ती कुणालाही पाहता येते, घेता येते आणि आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. एखादे विद्यापीठ, एखादी संस्था, एखादे गाव, चार मित्र, कुणीही आपला सर्व्हर उभा करू शकतो. आज असे हजारो सर्व्हर आहेत. प्रत्येकाचे नियम वेगळे, सांभाळणारे वेगळे. तरीही एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचे लेखन वाचू शकतो, त्याला उत्तर देऊ शकतो.

हे कसे जमते? ज्याप्रमाणे पोस्टाने पत्ता कसा लिहावा याची एक रीत ठरलेली आहे, त्याप्रमाणे सर्व्हरांनी आपसात कसे बोलावे याची एक रीत ठरवण्यात आली. तिचे नाव 'ॲक्टिव्हिटीपब'. इंटरनेटच्या पानांचे मानदंड ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २३ जानेवारी २०१८ रोजी तिला मान्यता दिली. फोटोंसाठी असलेले 'पिक्सेलफेड', चित्रफितींसाठी एका फ्रेंच ना-नफा संस्थेने बनवलेले 'पीअरट्यूब' हेही याच रीतीने बोलतात. त्यामुळे मॅस्टोडॉनवर बसलेल्या माणसाला पिक्सेलफेडवरच्या माणसाचे फोटो पाहता येतात. त्यासाठी तेथे वेगळे खाते काढावे लागत नाही.

हे फार नवलाचे वाटायला नको. ई-मेल असेच चालते. आपला ई-मेल एका कंपनीचा आणि मुलाचा दुसऱ्या कंपनीचा असला तरी पत्र पोहोचतेच. मोबाईलचेही तसेच. २० जानेवारी २०११ पासून देशभर आपल्याला नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय मिळाली. कंपनी सोडली म्हणून माणसे सुटली नाहीत. मॅस्टोडॉनवरही एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाताना आपल्याला अनुसरणारी माणसे सोबत नेता येतात. मात्र जुने लेखन सोबत येत नाही, ते आधीच उतरवून ठेवावे लागते. मोठ्या समाजमाध्यमांनी हीच सोय दिलेली नाही. तेथून निघायचे तर सारी माणसे मागे ठेवून निघावे लागते. दार उघडे दिसते, पण उंबरठ्यावर नातेवाईक बसलेले असतात. त्यांना ओलांडून कसे जायचे?

आणखी दोन गोष्टी. मॅस्टोडॉनवर आपण ज्यांना अनुसरतो त्यांचे लेखन वेळेच्या क्रमाने दिसते. नऊला टाकलेली बातमी नऊच्या जागी दिसते. आणि तेथे जाहिरातींचा धंदा नाही. खर्च बहुधा वापरणाऱ्यांच्या देणगीतून भागतो.

हे केवळ हौशी लोकांचे काम उरलेले नाही. जर्मनीच्या केंद्र सरकारची कार्यालये २०२० पासून आपल्या स्वतंत्र मॅस्टोडॉन सर्व्हरवर आहेत. नेदरलँड्सच्या सरकारने २०२३ मध्ये तसाच सर्व्हर सुरू केला. सरकारी निरोप दुसऱ्याच्या दारातून देऊ नये, एवढाच साधा विचार त्यामागे आहे.

आपल्या ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीला हा विचार परका नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात एक तत्त्व मांडले: जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. ते त्यांनी राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्था यांविषयी सांगितले. पण धर्मग्रामाचा निरोप धर्मग्रामाने पोहोचवावा, हे त्याच तत्त्वात बसते. २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या संपर्क-विभागाने समाजमाध्यमांविषयी एक चिंतन प्रसिद्ध केले. तेथे आपण ग्राहक तर असतोच, पण आपणच विक्रीची वस्तूही होतो, ही जाणीव त्यात करून दिली आहे.

३. २०१९ चा धडा

"मग लोक जात का नाहीत?" असे कुणीही विचारील. याचे उत्तर आपल्याच देशातील एका अनुभवात आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. कारण काय, तर त्यांनी लावलेला एक जुना फोटो. हिटलरच्या काळातील जर्मनीत जहाजाच्या गोदीवर जमलेला घोळका नाझी सलाम करत आहे आणि त्यात एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असे ते प्रसिद्ध छायाचित्र आहे. द्वेषाला नकार देणाऱ्या माणसाचा फोटो द्वेषपूर्ण म्हणून धरला गेला. खाते परत सुरू झाले आणि दुसऱ्या एका जुन्या लेखनावरून पुन्हा बंद झाले. त्यावर देशभर चर्चा झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये असंख्य भारतीयांनी रागाच्या भरात मॅस्टोडॉनवर खाती उघडली. वर्तमानपत्रांत लेख आले.

आणि मग? काही महिन्यांतच त्यांतील बरेचजण जुन्या जागी परतले. नवी जागा वाईट होती म्हणून नव्हे. प्रत्येकजण एकेकटा गेला म्हणून. तेथे पोहोचल्यावर प्रत्येकाने आजूबाजूला पाहिले, तर ओळखीचे कुणी दिसेना. मैत्रीण जुन्या जागीच, भाऊ जुन्या जागीच, ज्यांच्याशी वाद घालायचा तेही तेथेच. रिकाम्या अंगणात माणूस किती वेळ बसणार?

हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे, म्हणून तो नीट लक्षात घ्यावा. समाजमाध्यम एकट्याने सोडणे फार कठीण आहे. त्यात आपल्या इच्छाशक्तीचा दोष नाही. माणसे जेथे आहेत, तेथे माणूस राहतो. म्हणूनच जो समूह आधीपासून समूह आहे, तोच सोबतीने उठून दुसरीकडे बसू शकतो. धर्मग्राम हा असा समूह आहे. आपली ओळख कुठल्या ॲपने करून दिलेली नाही. आपण एका बाकावर बसतो, एकमेकांच्या लग्नाला आणि मातीला जातो. आपल्याकडे लहान ख्रिस्ती समूह आहेत, आळीनिहाय प्रमुख आहेत, युवक संघ आहे, महिला मंडळ आहे. २०१९ मध्ये निघालेल्यांकडे जे नव्हते, ते आपल्याकडे आहे. गाव आपल्याकडे आधीच आहे. फक्त बावखल खणायचे आहे.

४. काही शंका

या विषयावर बोलताना आम्हाला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न असे:

"पोपमहोदयांचे खातेसुद्धा त्याच मोठ्या माध्यमांवर आहे. मग आपण का सोडावे?" ही गोष्ट खरी आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी डिसेंबर २०१२ मध्ये ते खाते सुरू केले आणि त्यांच्यानंतरच्या पोपमहोदयांनी ते चालू ठेवले. वर उल्लेखिलेल्या व्हॅटिकनच्या चिंतनातही ही माध्यमे सोडा असे सांगितलेले नाही. अनोळखी जगाशी बोलायचे तर जेथे जग जमले आहे तेथे जावे लागते, बाजाराच्या चौकात उभे राहावे लागते. पण घरातले बोलणे आपण चौकात करत नाही. आजारी माणसासाठी प्रार्थनेची विनंती, लहान मुलांचे फोटो, अंत्यविधीची वेळ, ही घरातली बोलणी आहेत. त्यांच्यासाठी आपले स्वतःचे अंगण हवे.

"विकेंद्रित माध्यमावर अफवा आणि शिवीगाळ नसते का?" असते. माणसे तीच आहेत. द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध झालेल्या 'गॅब' या अमेरिकन माध्यमाने जुलै २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचीच खुली प्रणाली उचलली. प्रणाली खुली असल्याने त्यांना ती वापरण्यापासून कुणी रोखू शकले नाही. पण बहुसंख्य सर्व्हरांनी त्यांच्याशी असलेले दार बंद केले. येथे गावची कामे गावालाच करावी लागतात. कोण आत येईल, कोणत्या बोलण्याला जागा नाही, हे आपल्यालाच ठरवावे लागते. काम वाढते, हे खरे आहे. पण निदान तक्रार करायला समोर माणूस असतो.

"तेथे आपले खाजगी बोलणे सुरक्षित असते का?" याबाबत सावध असावे. मॅस्टोडॉनवरील खाजगी निरोप पूर्णपणे कुलूपबंद नसतात, सर्व्हर सांभाळणाऱ्याला ते वाचणे शक्य असते. म्हणून घरगुती गुपिते, बँकेचे तपशील तेथे लिहू नयेत. ग्रुपवरील खाजगी बोलण्यासाठी 'डेल्टा चॅट' किंवा 'मॅट्रिक्स' पद्धतीवर चालणारे 'एलिमेंट' अशी साधने आहेत. डेल्टा चॅट दिसायला आपल्या रोजच्या ॲपसारखे आहे. ते ई-मेलच्या वाटेने निरोप नेते आणि बंद करून नेते, त्यासाठी फोन नंबरही द्यावा लागत नाही. 'सिग्नल' हे साधनही चांगले आहे, ते ना-नफा संस्था चालवते आणि निरोप कुलूपबंद असतात. पण त्याचे केंद्र एकच आहे, हे ठाऊक असावे.

"आणि सर्व्हर सांभाळणारा कंटाळला तर?" तर तो सर्व्हर बंद पडू शकतो. असे घडलेही आहे. बावखलाचा गाळ कुणी काढला नाही तर तेही बुजते. म्हणून सर्व्हर निवडताना तो कोण चालवतो, खर्च कोठून येतो, नियम काय आहेत, हे पाहावे आणि यथाशक्ती देणगी द्यावी. सर्व्हरचे भाडे, साठवणुकीची जागा आणि सांभाळणाऱ्याचे रात्रीचे जागरण, हे सारे फुकट नसते. फुकटाची सवय आपल्याला कुठे घेऊन गेली, ते आपण पाहिलेच.

"आजी-आजोबांचे काय?" हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. ज्यांच्याकडे मोबाईल नाही किंवा ज्यांना नवे ॲप जमत नाही, त्यांच्यासाठी कुठलेही माध्यम उत्तर नाही. त्यांच्यासाठी शेजारी हाच निरोप्या. या नावाचे आपले मराठी मासिक १९०३ साली सुरू झाले, तेव्हा अंक घरात येत, वाचले जात आणि पेटीत जपले जात. घरात आलेला अंक परत घ्यायला छापणारा येत नसे. कागदावरच्या या पत्रकाचा आम्ही अजूनही आग्रह धरतो, तो याचसाठी.

५. आपण काय करावे?

सारे एकाच दिवशी सोडा, असे आम्ही सांगत नाही. तसे केले तर २०१९ चीच पुनरावृत्ती होईल. आम्ही पुढील क्रम सुचवतो.

पहिले: जपून ठेवा. मोठी माध्यमे आपली स्वतःची माहिती उतरवून घेण्याची सोय देतात. सेटिंगमध्ये जाऊन आपले फोटो आणि लेखन घरच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. आम्ही केली ती चूक तुम्ही करू नका. जुने खाते बंद करण्याआधी हे झालेच पाहिजे.

दुसरे: मूळ प्रत आपल्या घरी. यापुढे धर्मग्रामाची प्रत्येक सूचना आधी या पत्रकात, फलकावर आणि ई-मेलच्या यादीत जाईल. मृत्यूची बातमी आळीप्रमुखांमार्फत फोनने जाईल. इतर माध्यमांवर फक्त तिची नक्कल जाईल. ते माध्यम उद्या बंद पडले तरी आपले काही जाणार नाही.

तिसरे: दहा-दहाच्या गटाने उठा. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपला एकच ग्रुप निवडावा, त्यातील सर्वांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी बसून नव्या साधनावर खाते काढावे. तरुणांनी ज्येष्ठांच्या शेजारी बसावे. महिनाभर त्या ग्रुपचे सारे बोलणे नव्या जागीच व्हावे. जमले तर दुसरा ग्रुप, नाही जमले तर का जमले नाही याची चर्चा.

चौथे: जुन्या दारावर पाटी लावा. जुने खाते लगेच पुसू नका. "आम्ही आता येथे भेटू" असा नवा पत्ता तेथे लिहून ठेवा. घर बदलणारा माणूस जुन्या दारावर चिठ्ठी लावतो तशी. सहा महिन्यांनी पाहू, त्या दारात आपले कोण उरले आहे.

पाचवे: वाटा उचला. चार तरुण आणि दोन ज्येष्ठ यांची एक छोटी समिती नेमावी. पासवर्ड एकाकडेच न राहता तिघांकडे असावेत. फोटोंची प्रत दर तीन महिन्यांनी चर्चच्या कार्यालयात ठेवावी. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे आपले एक चर्च ते काय! कंपन्यांना काहीच फरक पडणार नाही, हे आम्हालाही कळते. फरक पडणार आहे तो आपल्याला. पुढच्या वेळी कुणी देवाघरी गेले, तर चार वाजण्याआधी त्यांच्या माणसांना कळेल की नाही, एवढाच हा फरक आहे. तो आम्हाला लहान वाटत नाही.

लहान ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात कोणता महत्त्वाचा निरोप तुम्हाला उशिरा मिळाला किंवा मिळालाच नाही? तो कोणत्या वाटेने येत होता?

२. तुमच्या कुटुंबाच्या फोटोंची प्रत मोबाईलच्या बाहेर कोठे आहे?

३. आपल्या आळीत मोबाईल न वापरणारी माणसे कोण? त्यांना निरोप कोण पोहोचवील? नावानिशी ठरवा.

४. आपल्या समूहातील कोणता एक ग्रुप आपण सर्वजण मिळून नव्या जागी हलवू शकतो? कोणत्या रविवारी?

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या सभागृहात युवक संघाची मुले मदतीला बसतील. येताना मोबाईल, चार्जर आणि शेजारच्या एका ज्येष्ठांना सोबत आणावे. ई-मेलच्या यादीसाठी वही कार्यालयात ठेवली आहे. तिच्यात पहिले नाव मीरा रोडच्या त्या भगिनींनी लिहिले आहे.

आपले नम्र,
पत्रक मंडळ